केस अडकते, प्राइमर डोकावतो, गोळी आडवी लागते: जुन्या सिंगल-शॉट रायफलची तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं आधी. यातलं एक जरी दिसलं तरी पुढचा बार काढू नका.

- बार काढल्यावर लिव्हर (रायफल उघडायचा दांडा) जड जातो किंवा ब्लॉक (काडतुसामागे बंद होणारा धातूचा ठोकळा) उघडतच नाही. उघडला तरी रिकामी केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) चेंबरला (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेला) चिकटून बसते.
- केसचं तोंड चिरतं, अंग उभं फाटतं, किंवा बुडाजवळ फुगवटा येतो.
- प्राइमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) बुडाच्या पातळीच्या बाहेर डोकावतो. कधी उलटंच होतं: तो सपाट होतो, त्यावर घाव घालणाऱ्या पिनच्या खळग्याभोवती कडा उठते किंवा भोक पडतं.
- केसच्या बुडापासून थोडं वर चकचकीत कडं दिसतं.
- टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट, आडवं भोक पडतं.
- चारपैकी एक बार फुसका जातो आणि तेच काडतूस पुन्हा लावलं की उडतं.

रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक, मार्टिनी-हेन्री, विंचेस्टर १८८५, स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअर, स्टीव्हन्स फेव्हरिट, कुठलीही घ्या. अशी रायफल हातात येते तेव्हा मालकाचं निदान ठरलेलं असतं: "एक्स्ट्रॅक्टर गेलाय." नवा एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा भाग) मागवलेलाही असतो. रायफल उघडून पाहिली तर जुना बहुतेक वेळा ठणठणीत असतो. चिकटलेली केस ओढायचं काम त्याच्याकडे आलंय, एवढाच त्याचा गुन्हा. केस चिकटते कारण त्या चेंबरचं ते काडतूसच नव्हे, किंवा नाव बरोबर पण जोर भलताच आहे. म्हणून सुटे भाग मागवण्याआधी खालच्या क्रमाने जा. पहिल्या चार पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही.

सुरुवातीला

ब्लॉक उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा आणि तोंडाकडून सफाईची काठी आरपार घाला. काठी मध्येच अडली तर आत गोळी रुतलेली असू शकते. आधीचा एखादा बार नेहमीपेक्षा मऊ वाजला असेल तर ही शक्यता धराच. त्या नळीतून दुसरा बार निघाला तर नळी फुगते किंवा फाटते. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि शस्त्र उघडणं, दुरुस्त करणं, काडतुसं भरणं याला तुमच्या ठिकाणी परवाना लागत असेल तर तो हातात असल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नका.

१. उडवलेल्या केस वाचा

फुकट तपासणी, आणि हीच सगळ्यात जास्त सांगून जाते. लोक नेमक्या याच केस फेकून देतात किंवा घाईने रीसाइज करून (पुन्हा मूळ मापात दाबून) पुरावा पुसून टाकतात. निदान पाच-सहा तशाच ठेवा आणि उजेडात फिरवून पाहा.

प्राइमर बाहेर डोकावत असेल तर लगेच 'दाब जास्त झाला' असं म्हणू नका, बहुधा उलट असतं. कमी दाबाच्या बारात केस चेंबरच्या भिंतींना घट्ट धरून जागेवर राहते आणि प्राइमर तेवढा मागे सरकून ब्लॉकला टेकतो. दाब जास्त असता तर केस ताणून मागे आली असती आणि प्राइमर पुन्हा बुडाच्या पातळीत बसला असता. म्हणजे काळ्या दारूच्या (जुन्या, धूर करणाऱ्या स्फोटक भुकटीच्या) हलक्या बारात डोकावणारा प्राइमर हेडस्पेस मोजून देतो. व्हर्नियर लावा आणि प्राइमर जितका बाहेर आला आहे तितकी बुड आणि ब्लॉक यांच्यामध्ये मोकळी जागा आहे असं धरा. आकडा लिहून ठेवा, नवव्या पायरीला लागेल.

बुडापासून वर चकचकीत कडं असेल तर केस तिथे ताणली जाऊन पातळ झाली आहे. पेपरक्लिपच्या टोकाला बारीक आकडा वाकवा, केसमध्ये घाला आणि आतून भिंतीवर ओढत आणा. त्या जागी आकडा घळीत अडकला तर ही केस पुढच्या बारात दोन तुकडे होणार. केस मोडीत आणि काम थांबलं.

कडं तोंडाकडच्या बाजूला, जिथे गोळीचं बूड बसतं तिथे असेल तर गोष्ट वेगळी. चेंबरलाच अंगठी पडलेली असू शकते. मोठ्या केसमध्ये धूरविरहित दारू थोडीशी घालायची आणि वर वॅड (भरावाची चकती) दाबून बसवायचं, ही जुनी सवय अशा अंगठ्या पाडते. केस त्या घळीत फुगते आणि निघताना अडते. हे सफाईने जाणार नाही.

तोंड चिरणं मात्र पुष्कळदा निरुपद्रवी असतं. पितळ वारंवार वाकवल्याने ताठ झालंय, तोंडाकडून तापवून मऊ करायला हवं होतं. बुडाजवळची चीर कधीच निरुपद्रवी नसते.

२. सफाई करा, पण खरी

काळ्या दारूचा मळ ओलावा ओढतो. त्यात जुन्या प्राइमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचे क्षार मिसळले की चेंबर गंजतं. नुसतं तेल फिरवून क्षार निघत नाहीत, ते पाण्यातच विरघळतात. म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडं कापड, मग तेल. ब्लॉकच्या खोबणीत घट्ट झालेलं ग्रीस आणि सांडलेली काजळी असते. निम्म्या वेळा लिव्हर जड लागतो तो त्यामुळेच.

कोरड्या चेंबरमध्ये कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे खड्डे आहेत. पितळ दाबाखाली त्या खड्ड्यांत शिरतं आणि केस निघत नाही. बारीक खरबरीतपणा घासून कमी होतो, पण लाकडी काठीला पॉलिश पेपर गुंडाळून ड्रिलने फिरवायचा मोह आवरा. चेंबर मोठं करणं दोन मिनिटांचं काम आहे, लहान करायला नवं अस्तर (आत बसवलेली नवी नळी) लागतं.

.२२ रायफलीत आणखी दोन गोष्टी पाहा. लाँग रायफल या .२२ काडतुसाच्या चेंबरमधून वर्षानुवर्षं शॉर्ट काडतुसं उडवली असतील तर त्यांच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचं कडं साचतं. लांब केस त्यात रुतते. हे ब्रशने जातं. दुसरं म्हणजे रिकाम्या चेंबरवर घोडा पाडून पाडून पिनने चेंबरच्या कडेला घण मारल्यासारखी खाच पडलेली असते. कडेचा धातू आत सरकतो, काडतूस शिरताना आणि निघताना खरवडतं, आणि रिमला (केसच्या बुडाच्या बाहेर आलेल्या कडेला) नीट टेकू न मिळाल्याने बार फुसका जातो. त्यासाठी धातू परत बाहेर दाबणारं खास हत्यार मिळतं. कानशीने घासाल तर रिमचा टेकूच जाईल.

आणखी एक, बार काढण्यापूर्वी चेंबरमधलं तेल पुसा. तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का ब्लॉकवर येतो. शतकभर जुन्या ब्लॉकला तो नको आहे.

३. नळीवरचा शिक्का आणि काडतुसाचं बूड शेजारी ठेवून वाचा

शिक्का ही सुरुवात आहे, पुरावा नव्हे. मधल्या काळात कोणीतरी नळी बदललेली असते, चेंबर वाढवलेलं असतं, आणि शिक्का तसाच राहतो. लष्करी रायफलींवर तर काडतुसाचं नाव बहुधा नसतंच.

.४३ म्हणून विकली गेलेली रोलिंग ब्लॉक घ्या. .४३ स्पॅनिश आणि .४३ इजिप्शियन ही दोन वेगळी काडतुसं आहेत. स्पॅनिशची केस ५८ मिलिमीटर, इजिप्शियनची ५०. आकडा एकच, बाकी काही जुळत नाही. तसंच .२२ डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिमफायर) या काडतुसाचं. त्या चेंबरमध्ये .२२ लाँग रायफल सहज शिरतं, उडतंसुद्धा, पण केस सैल बसते म्हणून फुगते आणि फाटते. जुन्या .२२ मध्ये प्रत्येक केस उभी फाटत असेल तर माझा पहिला संशय इथेच जातो. ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी कॅडेटांसाठी बनवलेल्या .३१० मार्टिनीत कोणी .३२-२० वापरतं. त्याची गोळी साधारण ०.३१२ इंचाची आणि नळीतल्या पीळदार खाचा त्याहून रुंद, त्यामुळे गोळी खाचांत धरली जात नाही आणि लोळत जाते.

आणि ७ मिलिमीटरची रोलिंग ब्लॉक. तिच्यावर विश्वास ठेवायला लोक फार उत्सुक असतात, कारण ती धूरविरहित दारूसाठीच बनलेली आणि ७×५७ काडतूस सगळीकडे मिळतं. पण या रायफलींपैकी पुष्कळांचं चेंबर आजच्या काडतुसापेक्षा खांद्याकडे (केस मानेकडे निमुळती होते तिथे) खोल असतं. या काडतुसाला धरून ठेवायला रिम नाही, खांद्यावरच सगळी भिस्त. खांदा टेकला नाही की केस प्रत्येक बाराला ताणते. पहिल्या पायरीतलं बुडाजवळचं कडं या रायफलीत दिसलं तर मला नवल वाटत नाही.

४. काडतुसाचा जोर

.४५-७० हे नाव म्हणजे .४५ कॅलिबर आणि ७० ग्रेन काळी दारू. ट्रॅपडोअर १८७३ साली याच काडतुसासाठी आली. आज त्याच मापाच्या केसमध्ये तीन वेगवेगळ्या ताकदीचे बार भरले जातात: ट्रॅपडोअरसाठी, विंचेस्टर १८८६ सारख्या लिव्हर रायफलींसाठी, आणि आजच्या मजबूत सिंगल-शॉटसाठी. तिन्ही ट्रॅपडोअरच्या चेंबरमध्ये सारखेच सुरळीत बसतात. ट्रॅपडोअरचा ब्लॉक पुढच्या बाजूला बिजागरीवर असतो आणि मागे एका खटक्याने धरलेला असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीचे बार त्याला पेलणारे नाहीत. खोक्यावर आजच्याच रायफलींसाठी असल्याची सूचना असेल तर ते खोकं जुन्या रायफलीजवळ आणूच नका.

काळ्या दारूच्या जागी तेवढ्याच मापाने धूरविरहित दारू कधीही भरायची नाही. 'अंदाजे अर्धी' हेही चालत नाही. भरायचंच असेल तर छापील पुस्तकातला, तुमच्या ॲक्शनच्या (रायफलच्या उघड-बंद यंत्रणेच्या) नावाने दिलेला आकडा घ्या. मी आकडे देत नाही, कारण तुमची रायफल मी पाहिलेली नाही. काळ्या दारूला नियम उलटा आहे: गोळीखाली हवा अजिबात ठेवायची नाही, दारू किंचित दाबलेली हवी.

ब्रिटिश नळीवर 'एनपी' हा शिक्का असेल तर ती धूरविरहित दारूच्या दाबाने प्रूफ हाउसमध्ये तपासलेली आहे. पण ती तपासणी त्या दिवशीच्या नळीची. नंतर कोणी चेंबर रीमरने वाढवलं असेल तर शिक्क्याला अर्थ उरत नाही.

५. पिन आणि पिनचं भोक

ब्लॉकचा पुढचा चेहरा स्वच्छ पुसून भिंगाखाली पाहा. काळ्या दारूच्या काळातल्या पिना जाड आणि त्यांची भोकं ऐसपैस. भोकाची कड गॅसने खाल्लेली, खवल्यांसारखी दिसते. आजचा प्राइमर दाबाखाली त्या भोकात मागे वाहतो आणि एक छोटी खुंटी तयार होते. विंचेस्टर १८८५ सारख्या खाली सरकणाऱ्या ब्लॉकमध्ये हीच खुंटी ब्लॉक अडवून धरते. 'लिव्हर जाम होतो' या तक्रारीचं उत्तर एवढंसं असतं, आणि ते केसवर स्पष्ट दिसतं: प्राइमरवर उंचवटा आणि त्याची एक बाजू खरवडलेली.

उपाय म्हणजे भोकात बुश (बारीक भोकाचं नळकांडं) बसवून ते बारीक करणं आणि पिन त्या मापाची घडवणं. गनस्मिथसाठी (बंदुकांच्या कारागिरासाठी) हे नेहमीचं काम आहे, घरच्या ड्रिलवर करायचं नव्हे. पिनचं टोक मात्र तुम्ही पाहू शकता. ते गोल, गुळगुळीत हवं. चपटं, तुटकं किंवा टोकदार असेल तर बदला. फुसक्या बारांत पिन ठीक असूनही ठसा उथळ दिसला तर स्प्रिंग थकली आहे किंवा हेडस्पेस जास्त आहे. प्राइमर पिनपासून लांब राहिला की नवी स्प्रिंगही हरते.

६. एक्स्ट्रॅक्टर

आता त्याची पाळी. रिमखाली बसणारी कड शाबूत आहे का, तो जागेवर हलतो का, पूर्ण मागे येतो का, एवढंच पाहायचं. उडवलेली केस थंड चेंबरमध्ये घालून लिव्हर हळू उघडा. ती सहज बाहेर आली तर एक्स्ट्रॅक्टरला निर्दोष सोडा.

७. नळीचं माप घ्या

आडवी लागणारी गोळी बहुतेक वेळा बारीक असते. नळीपेक्षा किंचित जाड असा शुद्ध, मऊ शिशाचा तुकडा तेल लावून तोंडाकडून ठोकून आरपार न्या आणि मायक्रोमीटरने मोजा. ठोकताना हाताला कळतं: कुठे एकदम सैल लागलं तर तिथे नळी फुगलेली आहे. खाचांची संख्या विषम असेल तर एका खाचेसमोर दुसरी खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. मार्टिनी-हेन्रीत सात खाचा आहेत. तिथे व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो.

नावावर का जाऊ नये हे इथे कळतं. मार्टिनी-हेन्रीचं काडतूस .५७७/४५० म्हणवतं, पण तिला लागणारी गोळी ०.४६ इंचाच्या पुढची असते. ०.४५८ ची गोळी तिच्यात सैल पडते. जुन्या .३८-५५ नळ्यांचंही तेच. खाचा ०.३७९-०.३८० च्या आसपास आणि बाजारातली जॅकेटवाली (धातूचं आवरण असलेली) गोळी ०.३७५ ते ०.३७७.

माप जुळूनही गोळी लोळत असेल तर शिसं किती कडक आहे ते बघा. काळी दारू एकदम धक्का देते, मऊ शिशाची गोळी बुडाकडून फुगून खाचा भरते. कडक मिश्रणाची गोळी आणि खाली धूरविरहित दारूचा मवाळ बार असेल तर गोळी फुगत नाही, बाजूने गॅस निसटतो आणि नळीत शिसं चढतं. त्यानंतर गोळीची लांबी. मार्टिनी-हेन्रीचा पीळ २२ इंचांत एक फेरा आहे. लांबलचक आधुनिक गोळी तो स्थिर करू शकत नाही. आणि नळीच्या तोंडाची कड चेपलेली नाही ना, हेही एकदा पाहून घ्या.

८. चेंबरचा साचा

माझ्या मते काडतूस विकत घेण्याआधीची ही सक्तीची पायरी, पण लोक इथे शेवटी पोहोचतात. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू साधारण ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यातही होतो. चेंबर स्वच्छ करा, त्याच्या थोडं पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवा, नळी किंचित कोमट करा आणि धातू ओता. थंड होताना तो आधी आकसतो, तेव्हाच काठीने हलकेच बाहेर ढकला. नंतर तो पुन्हा फुगतो. तासाभराने त्याचं माप चेंबरच्या मापाला येतं, म्हणून मोजणी तेव्हाच. दुसऱ्या दिवशी मोजलात तर आकडे मोठे येतील.

साच्यावर बुडाचा व्यास, रिमची खोली, खांदा, मानेची लांबी आणि खाचा कुठे सुरू होतात हे सगळं दिसतं. गंजाचे खड्डे बारीक मुरमांसारखे उठून येतात. पहिल्या पायरीतली अंगठी असेल तर साच्याला गोल कडं येतं.

आता काडतूस निवडा, शिक्का काहीही म्हणो. त्या मापाचं पितळ मिळत नसेल तर दुसऱ्या केसपासून घडवता येतं. .५७७/४५० साठी २४ बोअरच्या पितळी केस वापरतात. चेंबर वाढवून आजचं एखादं जोरदार काडतूस बसवण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. ॲक्शन तीच जुनी राहते आणि मूळ चेंबर कायमचं जातं. नळी खरोखरच संपलेली असेल तर अस्तर घालणं जास्त शहाणपणाचं. .३२ रिमफायरची काडतुसं मिळेनाशी झाल्यावर कित्येक फेव्हरिट .२२ चं अस्तर घालून पुन्हा वापरात आल्या. तिथेही साधी, कमी वेगाचीच .२२ वापरा. तिचा ब्लॉक लिव्हरच्या स्क्रूंच्या आणि लिंकच्या आधारावर उभा असतो, आणि ते स्क्रू झिजतात.

९. हेडस्पेस आणि ब्लॉकची ढिलाई: इथे थांबा

तुम्ही फक्त पाहायचं. रायफल रिकामी, ब्लॉक बंद. रोलिंग ब्लॉकमध्ये घोडा हळू खाली सोडलेला असू द्या, कारण बाराच्या क्षणी घोड्याचाच भाग ब्लॉकला खालून टेकू देतो. अंगठ्याने ब्लॉक मागे-पुढे दाबा. हालचाल जाणवली तर दोन्ही मोठ्या पिना किंवा त्यांची भोकं झिजली आहेत. पहिल्या पायरीतला प्राइमरचा आकडा आणि ही ढिलाई जुळली तर दोष ॲक्शनमध्ये आहे. ढिलाई नाही पण प्राइमर तरी डोकावतो, तर रिम पातळ आहे किंवा चेंबर खोल. .४५-७० ची रिम ०.०७० इंच जाड असते, तुमच्या केसची मोजून बघा. खोल चेंबरला केस घडवून जुळवून घेता येतं. ढिल्या ॲक्शनला तो उपाय नाही.

खालीलपैकी काहीही असेल तर रायफल कपाटात आणि फोन गनस्मिथला:

- ब्लॉकमध्ये जाणवणारी ढिलाई, किंवा ट्रॅपडोअरचा खटका पूर्ण न बसणं
- रिसीव्हर (नळी आणि ब्लॉक धरणारा सांगाडा), ब्लॉक किंवा नळीवर केसासारखी रेघ. तेल पुसल्यावरही तिथून तेल पाझरत राहिलं तर ती भेगच समजा
- नळीला फुगवटा, चेंबरला अंगठी, किंवा रिसीव्हरमध्ये सैल नळी
- बुडाजवळ तुटलेली किंवा फाटलेली केस, एकदाही
- ब्लॉकवर किंवा रिसीव्हरवर वेल्डिंगची खूण
- आगीतून वाचलेली रायफल. केस-हार्डन केलेला रिसीव्हर तापला की त्याची कठीण साल जाते, बाहेरून तो कितीही छान निळा केलेला असो

रायफल टायरला बांधून दोरीने चाप ओढून 'बघू या टिकते का' असं करू नका. एक बार टिकली यावरून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही. प्रूफ हाउस ठरलेल्या दाबाने बार काढतं आणि आधी-नंतर नळी तपासतं. दोरीत यातलं काहीच नसतं.

गनस्मिथकडे जाताना उडवलेल्या केस न धुता न्या. बरोबर चेंबरचा साचा, शिशाचा तुकडा, तुम्ही लिहिलेली मापं आणि वापरत होता ते काडतूस खोक्यासकट. तो गेज लावून हेडस्पेस मोजेल आणि जाड पिना, बुश की अस्तर ते सांगेल. त्याने सांगेपर्यंत पितळ, डाय (केस घडवायची हत्यारं) आणि एक्स्ट्रॅक्टर यातलं काहीही मागवू नका.